‘सॅक्सोफोन विकणे आहे’, पण कोणता?

प्रति,
संपादक महोदय,

‘सॅक्सोफोन विकणे आहे, उत्तम स्थितीत, केससह’ एवढ्याच मजकुराच्या छोट्या जाहिराती गणपतीच्या आधी आणि लग्नसराईच्या तोंडावर वाचायला मिळतात. वाचणारा किंमत विचारतो, घासाघीस होते, वाद्य घरी येते. मग कळते की क्लासमध्ये आल्टो आणायला सांगितला होता आणि हा टेनर आहे. दोन्ही पितळी, दोन्ही वाकड्या नळीचे, फोटोत सारखेच दिसणारे. पण माउथपीस (तोंडात धरायचा भाग) वेगळा, रीड (त्यावर बसणारी वेताची पातळ पट्टी) वेगळी, सूर वेगळा, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या मानेवर पडणारे वजनही वेगळे. सॅक्सोफोन हे कुटुंबाचे नाव आहे. घरात येतो तो त्यातला एक जण, आणि त्याचा स्वभाव आधी माहीत असलेला बरा.

आडोल्फ सॅक्स या बेल्जियन वाद्यकाराने १८४६ मध्ये पॅरिसमध्ये पेटंट घेतले, तेच मुळी चौदा वाद्यांचे. सात-सातचे दोन गट होते. सी आणि एफ या सुरांतला गट वाद्यवृंदासाठी, बी फ्लॅट आणि ई फ्लॅटचा (फ्लॅट म्हणजे अर्धा सूर उतरलेला) गट लष्करी बँडसाठी. वाद्यवृंदाने त्याला फारसे जवळ केले नाही, पलटणींनी केले. म्हणून बँडचा गट टिकला आणि दुसरा जवळजवळ संपला. आज दुकानात मिळणारा प्रत्येक सॅक्सोफोन एक सोडून एक ई फ्लॅट आणि बी फ्लॅटमध्ये का असतो, याचे उत्तर या लष्करी वंशावळीत आहे. वरून खाली क्रम असा: सोप्रानिनो ई फ्लॅट, सोप्रानो बी फ्लॅट, आल्टो ई फ्लॅट, टेनर बी फ्लॅट, बॅरिटोन ई फ्लॅट, बास बी फ्लॅट, काँट्राबास ई फ्लॅट. सोप्रानोच्या बरोबर एक सप्तक खाली टेनर, आणि आल्टोच्या एक सप्तक खाली बॅरिटोन. (अंग पितळेचे असले तरी याची गणना क्लॅरिनेट-बासरीच्या वर्गात होते, कारण सूर ओठांच्या थरथरीतून नाही, वेताच्या रीडमधून निघतो. त्याला ‘ब्रास’ म्हणणाऱ्यांशी वाद घालणे आम्ही सोडून दिले आहे.)

सगळ्यांची बोटे मात्र एकच. आल्टोवर जे बोट ठेवून ‘सी’ वाजवतात, तेच टेनरवर, तेच बॅरिटोनवर. कागदावरचा ‘सी’ही एकच. ऐकू येणारा सूर मात्र प्रत्येकाचा निराळा, आणि पुण्यातल्या ऑर्केस्ट्रांत आणि हौशी मंडळांत गाडी अडते ती इथेच. पेटीवाल्याने ‘पांढरी एक’ (म्हणजे पेटीचा ‘सी’) म्हटले, सॅक्सवाल्याने आपला ‘सी’ धरला, की आल्टोतून काळी दोन (ई फ्लॅट) वाजते आणि टेनरमधून काळी पाच (बी फ्लॅट). मग तालमीची पहिली वीस मिनिटे कोण बेसूर आहे हे ठरवण्यात जातात.

हिशेब सोपा आहे. आल्टो किंवा बॅरिटोनवाल्याने पेटीवर हव्या त्या सुरापासून काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली यावे. जिथे पोहोचला, ते त्याच्या बोटांचे नाव. टेनर किंवा सोप्रानोवाल्याने दोन पट्ट्या वर जावे. गायकाचा सा काळी एक असेल तर आल्टोवर तो बी फ्लॅट, टेनरवर ई फ्लॅट. गायिकेचा काळी चार असेल तर आल्टोवर एफ, टेनरवर बी फ्लॅट. हे सगळे हाताला सोपे सूर आहेत. उलट पांढरी दोन म्हटले की आल्टोला पाच शार्पांचा (शार्प म्हणजे अर्धा सूर चढा) बी आणि टेनरला चार शार्पांचा ई पकडावा लागतो. पांढरी पाचही फारशी दयाळू नाही. आपल्याकडच्या गायकांना काळ्या पट्ट्यांची ओढ असते हे सॅक्सवाल्यांचे नशीबच म्हणायचे. गिटारवाले त्याच पट्ट्यांवर नाक मुरडतात, पण त्यांच्याकडे कॅपो (तारा दाबून पट्टी बदलणारा चिमटा) असतो.

सप्तकाचाही विचार हवा. तो बहुतेक जण करत नाहीत. आल्टोचा सर्वांत खालचा ऐकू येणारा सूर म्हणजे मधल्या पांढरी एकच्या खालच्या सप्तकातली काळी एक. पुरुष गायकाचा सा तोच असेल, तर त्याच्या गळ्याच्या सप्तकात वाजवताना आल्टोला साच्या खाली एकही सूर उरत नाही. ठुमरीतली किंवा भावगीतातली मंद्र पंचमाची जागा येते, आणि वाजवणारा एक सप्तक वर उडी मारून वेळ मारून नेतो. ऐकणाऱ्याला ते जाणवते, नेमके काय खटकले ते सांगता येत नाही. टेनर त्याच्या खाली काळी चारपर्यंत जातो, म्हणजे काळी एकच्या गायकाला नेमका मंद्र पंचम मिळतो. गायिकेचा सा काळी चार असेल, तर आल्टोला खाली मंद्र पंचम आणि त्याच्याही खालचा मध्यम मिळतो. म्हणून पुरुष गायकाच्या साथीला टेनर आणि गायिकेच्या साथीला आल्टो, असे आम्ही सांगतो. ध्वनिमुद्रिकांतला आपला कान मात्र आल्टोवर घडला आहे. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले मनोहारी सिंग आल्टो वाजवत, आणि सॅक्सोफोनला कर्नाटक संगीताच्या मैफलीत मानाची जागा मिळवून देणारे कद्री गोपालनाथही आल्टोच. त्यामुळे ‘सॅक्सोफोनचा आवाज’ म्हटले की आपल्या मनात बहुधा आल्टो वाजतो.

शिकणाऱ्याने आल्टोच घ्यावा. वजन साधारण अडीच किलो, बोटांचे अंतर मध्यम, लागणारा दम बेताचा, रीड आणि माउथपीस सहज मिळणारे. टेनर साडेतीन किलोच्या घरात जातो. मोठ्या माणसाला, विशेषतः ज्याला जॅझ किंवा जुन्या हिंदी गाण्यांतला तो घोगरा, जाड आवाज हवा आहे त्याला, थेट टेनरने सुरुवात करायला हरकत नाही. लहान मुलाच्या बाबतीत मात्र समोरचे वरचे पक्के दात आलेले असणे आणि उजव्या हाताची करंगळी खालच्या कीपर्यंत न ताणता पोहोचणे, या दोन गोष्टी बघाव्यात. त्या नसतील तर वर्षभर रेकॉर्डर (उभी धरायची शिकाऊ बासरी) वाजवू द्या. डाव्या हाताची पहिली बोटे तीच आहेत, ती मेहनत पुढे कामाला येते. गळ्यातल्या साध्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवर वजन टाकणारा हार्नेस घेतला तर मुले मान पुढे काढून वाजवायला शिकत नाहीत.

‘मूल लहान आहे म्हणून छोटा सॅक्सोफोन’ हा हिशेब सगळ्यांत जास्त फसतो. सोप्रानो आकाराने लहान असला तरी वाजवायला सोप्रानो, आल्टो, टेनर, बॅरिटोन या चौघांत सर्वांत अवघड. नळी आखूड असल्याने ओठांच्या दाबातला बारीकसा फरकही सुरात लगेच उतरतो, आणि वरच्या सप्तकात सूर चढतो. आल्टोवर वर्ष-दोन वर्षे काढलेला वादकही सोप्रानो हातात घेतल्यावर पेटीशी जुळायला धडपडतो. सरळ नळीचा सोप्रानो लोक क्लॅरिनेट समजतात, तर वाकड्या नळीचा सोप्रानो खेळण्यातल्या आल्टोसारखा दिसतो. या दुसऱ्याला ‘मुलांचा सॅक्सोफोन’ म्हणून विकणारेही आहेत. असा सॅक्सोफोन नसतो.

बॅरिटोन ओळखायला सोपा, वरच्या टोकाला नळीचा पूर्ण वेटोळा असतो. नळीची लांबी दोन मीटरहून जास्त, वजन पाच-सहा किलो आणि पुढे, किंमत आल्टोच्या काही पट. चार सॅक्सोफोनच्या चौकडीत खर्ज तोच सांभाळतो. त्यात खालची ‘ए’ची की आहे की नाही ते आधी विचारा, कारण आजच्या बहुतेक रचना ती गृहीत धरून लिहिलेल्या असतात. बॅरिटोन आणि आल्टोवाल्यांसाठी एक जुनी युक्तीही सांगण्यासारखी आहे. समोर बास क्लेफमधला (खालच्या सुरांच्या खुणेचा), सॅक्सोफोनसाठी सूर न बदललेला कागद आला, तर तो ट्रेबल क्लेफ (वरच्या सुरांची खूण) समजून वाचावा आणि तीन शार्प वाढवावेत (किंवा तीन फ्लॅट कमी करावेत). सूर बरोबर येतो, सप्तक तेवढे पाहून घ्यावे. मध्ये येणारे सुटे शार्प-फ्लॅट मात्र विचार करून वाजवावे लागतात.

बास आणि काँट्राबास पुण्यात विकत घेण्याचा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही, तेव्हा त्यांच्यावर जागा घालवत नाही. सोप्रानिनोचेही तेच. जर्मनीत बनणारा सोप्रिलो तर इतका आखूड असतो की वरची ऑक्टेव्ह की (सूर एक सप्तक वर नेणारी की) नळीवर मावत नाही, ती माउथपीसमध्ये बसवावी लागते.

एका चुलत भावाबद्दल मात्र सावध करायला हवे. जुन्या बाजारात कधीकधी ‘सी मेलडी’ येतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत हा घरोघरी विकला गेला, कारण पियानोचा कागद समोर ठेवून तो जसाच्या तसा वाजवता येतो. आपल्या भाषेत, त्याचा ‘सी’ म्हणजे पेटीची पांढरी एक. ऐकून मोह होतो. पण आज त्याला साजेसे माउथपीस सहज मिळत नाहीत, टेनरच्या रीडवर भागवावे लागते, आणि बहुतेक नगांचे पॅड (भोके झाकणाऱ्या कातडी गाद्या) कधीच वाळून गेलेले असतात. आकाराने तो आल्टो आणि टेनरच्या मधला, त्यामुळे विकणारा गिऱ्हाईक बघून दोन्हींपैकी काहीही सांगतो. अनुक्रमांकाजवळचे अक्षर बघा. तिथे सी आहे, ई फ्लॅट आहे की बी फ्लॅट, यावर सगळे ठरते. त्याच जागी ‘हाय पिच’ असा शिक्का किंवा त्याचे आद्याक्षर असेल, तर वाद्य कितीही चकचकीत असो, घेऊ नका. ते आजच्या ४४० हर्ट्झच्या ‘ए’पेक्षा अर्ध्या सुराहून थोडे कमी चढे बनवलेले आहे. माउथपीस बाहेर ओढून एखादा सूर जुळतो, बाकीचे आपापसांत बिघडतात, कारण भोकांची अंतरेच वेगळ्या हिशेबाची असतात.

जुना आल्टो-टेनर घेताना वाजवणारा माणूस बरोबर न्यावा, आणि त्याने सर्वांत खालचा बी फ्लॅट हळू आवाजात वाजवून दाखवावा. जोरात नको, जोरात गळका सॅक्सोफोनही वाजतो. हा सूर वाजायला वरपासून खालपर्यंतचे सगळे पॅड घट्ट बसावे लागतात. वर कुठेही बारीक फट असेल तरी खालचा सूर फुटतो, गुरगुरतो किंवा एकदम वरच्या सप्तकात उडी मारतो. शिकाऊ मुलाला वाटते आपला दम कमी पडतोय, शिक्षक जाड रीड लावायला सांगतात, आणि दोष असतो मधल्या एखाद्या पॅडचा. नळीत बारीक एलईडीची माळ सोडून अंधाऱ्या खोलीत एकेक की हलकेच दाबली की फट प्रकाशाने दिसते. मग नेक (माउथपीस बसतो ती वरची वाकडी नळी) बघा. नेकच्या खालच्या बाजूला सुरकुती किंवा लांबट गोलाई दिसली, तर कोणीतरी माउथपीस लावताना तो दाबून वाकवलेला आहे. ऑक्टेव्ह की चाचपून घ्या. अंगठ्याची की दाबून ठेवून ‘जी’ वाजवताना नेकवरचे छोटे झाकण बंद राहिले पाहिजे आणि ‘ए’ला उघडले पाहिजे. तसे होत नसेल तर वरचे सप्तक अडखळणारच. पॅड पंचवीसच्या आसपास असतात. सगळे कडक झाले असतील तर बदलण्याचा खर्च किंमत ठरवतानाच वजा करा. वरचे लॅकर (चकाकीचा लेप) उडाले असेल तर मात्र काही बिघडत नाही.

नव्या वाद्याबरोबर केसमध्ये येणारा माउथपीस पुष्कळदा वाद्यापेक्षा वाईट असतो. त्याची परीक्षा पेटीवर होते. नुसता माउथपीस, रीड लावून, नेकशिवाय फुंकावा. आल्टोचा पांढरी सहा, टेनरचा पांढरी पाच, सोप्रानोचा पांढरी एक आणि बॅरिटोनचा पांढरी दोन या सुराच्या आसपास यायला हवा. फार वर गेला तर ओठ आवळले जात आहेत. आल्टोवरून टेनरवर जाणाऱ्यांची नेमकी हीच अडचण असते. ते आल्टोच्याच आवळीने टेनर वाजवतात आणि आवाज चिरका होतो. रीड दोन किंवा अडीच नंबरची घ्यावी. मिनिटभर ओली करावी, टोक माउथपीसच्या टोकाशी जुळवावे, वर केसाएवढी काळी कड दिसली तर ठीक. आल्टोची रीड टेनरवर बसत नाही, त्यामुळे दुकानात ‘सॅक्सोफोनची रीड द्या’ म्हणून भागत नाही.

पुण्याची हवा या वाद्याला वर्षातून दोनदा छळते. एप्रिलच्या कोरड्या उन्हात रीड वाळून टोकाशी लाटेसारखी वाकते, म्हणून तीन-चार रीड आलटून पालटून वापराव्यात आणि सपाट डबीत ठेवाव्यात. जून ते सप्टेंबर पॅड चिकटतात, सगळ्यांत आधी जी शार्पचा. त्याचे कारण रचनेतच आहे. डाव्या करंगळीची की दाबली की ती पॅडला उचलत नाही, फक्त त्याच्यावरचा दाब काढते. पॅड उघडतो तो एका मऊ स्प्रिंगच्या जोरावर, आणि ओल्या कातड्याची पकड तिला सुटत नाही. पॅडखाली टिपकागदाची पट्टी ठेवून पॅडचे झाकण हलकेच दाबावे, सोडावे, कागद काढून घ्यावा. दाबून ठेवून ओढला तर कातडे फाटते. टाल्कम पावडर टाकू नये, ओलीत तिची पेस्ट होते. वाजवून झाल्यावर बेलमधून (खालच्या रुंद तोंडातून) फडके आत सोडून ओढावे, नेक वेगळा पुसावा, आणि माउथपीस कोमट पाण्यातच धुवावा. गरम पाण्याने एबोनाइट (माउथपीसचे कडक काळे रबर) हिरवट पडतो. केस बंद करताना वरच्या तोंडाला ते काळे बूच लावावेच. ते नसेल तर ऑक्टेव्हची दांडी वाकते.

डिसेंबरच्या सकाळी मोकळ्या पटांगणात कार्यक्रम असेल तर वाद्य उतरलेले असते. पेटी थंडीत फारशी हलत नाही, सॅक्सोफोन हलतो. पाच-दहा मिनिटे फुंकून नळी गरम झाल्यावरच सूर लावावा, आणि मध्ये दीर्घ भाषण झाले तर पुन्हा.

विसर्जन मिरवणुकीत वाजवणाऱ्यांसाठी गुलालाचे वेगळे सांगायला हवे. ओल्या पॅडवर आणि कीच्या तेलावर गुलाल बसला की त्याचा चिखल होतो, आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या की हलत नाहीत. घरी आल्यावर आधी कोरड्या मऊ ब्रशने गुलाल झाडावा, मग पुसावे, तेल सगळ्यात शेवटी. घाईत आधी तेल सोडले तर गुलाल दांड्यांच्या नळ्यांत शिरतो आणि सगळे खोलावे लागते. ब्रासो लावून चमकवण्याच्या फंदात तर पडूच नये. त्याने लॅकर जाते आणि उरलेली पावडर पॅडच्या कडांत बसते. बँडमध्ये सॅक्सोफोन नव्याने घ्यायचा असेल तर टेनर सोयीचा. ट्रंपेट आणि क्लॅरिनेट बी फ्लॅटचेच असल्याने तिघांना एकच कागद चालतो, आणि मास्तरांना रात्री बसून सूर बदलून लिहावे लागत नाहीत.

आपल्या जाहिरात विभागाला एवढीच विनंती आहे, की सॅक्सोफोनची जाहिरात घेताना तीन गोष्टी विचारून छापाव्यात: आल्टो, टेनर, सोप्रानो की बॅरिटोन, अनुक्रमांकाजवळ कोरलेले अक्षर, आणि मूळ नेक सोबत आहे की नाही. दोन ओळींच्या जाहिरातीत हे सहज बसते. ‘उत्तम स्थितीत’ हे शब्द काढले तर जागाही मिळेल.

आपले,
सॅक्सोफोन वाजवणारे, शिकवणारे आणि दुरुस्त करणारे काही वाचक,
पुणे